भूगोलाच्या बाईंची रेड वाइन

कर्वेनगरमध्ये मी ज्यांच्याकडे पाच वर्षं पेइंग गेस्ट म्हणून राहिले, त्या बाई दर रविवारी दुपारी चार वाजता रेड वाइन घेत. एक ते चार ही त्यांची झोपेची वेळ. त्या वेळात कुणी बेल वाजवलीच, तर दार उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायच्या आणि दार लावून घ्यायच्या. चारला उठून तोंड धुवायचं, सुती साडीच्या निऱ्या नीट करायच्या, जेवणाच्या टेबलावर पांढरा कोरा कागद अंथरायचा आणि त्यावर काचेचा ग्लास ठेवायचा. कागद रंग बघण्यासाठी. वाइन पाव ग्लास, वर एक थेंब नाही. मग बराच वेळ नुसता वास, मध्येच एखादा घोट, आणि पुन्हा वहीत लिहिणं. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये, कारण दुसऱ्या दिवशी ती कशी वागते तेही बघायचं असे.

बाई मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायच्या, पोस्टात टाकायचं पत्र राहून जावं तशा सुरात. सोसायटीतले सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणू लागले.

मी अमरावतीची. खराडीला नोकरी लागली तेव्हा पुण्यात खोली घेताना आईने एकच अट घातली होती. घरात पिणारं कुणी नको. त्यामागे माझे धाकटे काका होते. मला सायकल शिकवणारे, बैलपोळ्याला मातीचे बैल करून देणारे काका दारूने गेले आणि शेवटची दोन वर्षं आमच्या घरात संध्याकाळ झाली की सगळे हळू आवाजात बोलत. एजंटला मी स्पष्ट विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, रिटायर्ड शिक्षिका आहेत, एकट्या. अजून काय पाहिजे?"

पहिल्याच रविवारी चार वाजता मी पाणी प्यायला बाहेर आले आणि टेबलावरची बाटली पाहिली. तशीच खोलीत जाऊन बॅग भरायला लागले. थोड्या वेळाने बाई दारात आल्या.

"चाललीस?"

"हो."

"माझ्यामुळे?"

मी काकांचं सगळं सांगितलं. उभ्याने सांगितलं, हातात घडी न केलेला टॉवेल घेऊन. त्यांनी एकच विचारलं.

"किती वर्षांचे होते?"

"एक्केचाळीस."

बाई म्हणाल्या, "तू जातेस यात मला काही चूक दिसत नाही. राहिलीस तर बाटली मी लपवणार नाही, आणि तुला कधी 'घे' म्हणणार नाही. एवढ्या दोन गोष्टी मी पाळीन. महिनाभर बघ, मग ठरव. चहा ठेवतेय, घेणार?"

चहाला म्हणून थांबले ती पाच वर्षं राहिले. बाईंनी दोन्ही गोष्टी पाळल्या. माझ्या वाढदिवसालासुद्धा त्यांनी मला कधी घोटभर विचारलं नाही.

त्यांच्या या नादाची सुरुवात नाशिकला झाली होती. निवृत्त शिक्षिकांची सहल गेली होती. तिथल्या एका द्राक्षमळ्यावर सगळ्यांना कागदी कपात चव बघायला वाइन दिली. बाकीच्या जणींनी पदर तोंडाला लावला. बाईंनी मात्र कप संपवला, कारण ती देणारा माणूस बोलून गेला होता की टेकडीच्या या उताराची वाइन वेगळी आणि पलीकडच्या उताराची वेगळी, जमिनीची चव उतरते.

"एकतीस वर्षं मी पोरींना नकाशावर नाशिक दाखवलं," बाई मला सांगत, "आणि म्हणायला लावलं, नाशिक: द्राक्षे. सोलापूर: डाळिंब. जमीन काळी, हवा कोरडी. काळ्या जमिनीची चव कशी असते हे एकीलाही विचारता आलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. लाज वाटली मला त्या दिवशी."

ती लाज त्यांनी फार मनावर घेतली. पुण्याला परत आल्यावर आधी त्या परवाना काढायला गेल्या. आपल्याकडे दारू प्यायला परवाना लागतो हे लोकांना माहीत असतं, पण तो काढायला स्वतः रांगेत उभं राहिलेलं माणूस मी एकच पाहिलं. तिथला किस्सा त्या रंगवून सांगायच्या. छापील अर्जात कारण म्हणून 'आरोग्याच्या रक्षणासाठी' असं होतं. बाईंनी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'चव पाहण्यासाठी.' कारकून वैतागला.

"अहो बाई, असं खोडता येत नाही. सगळे आरोग्यासाठीच घेतात."

"ते खोटं बोलतात. माझी तब्येत उत्तम आहे."

"मग परवाना मिळणार नाही."

शेवटी रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने तोडगा काढला. तो म्हणाला, "काकू, मनाचं आरोग्य धरा ना." बाईंनी विचार केला, ते पटलं, आणि सही केली. परवाना त्यांच्या पाकिटात पेन्शनच्या कार्डाशेजारी असे, आणि दुकानदाराने न मागता त्या दर वेळी दाखवत.

दुकानातही त्या कापडी पिशवी घेऊन सकाळी अकराला जात. जाळीपुढे उभी असलेली पुरुष मंडळी गडबडून बाजूला होत. "मला रांगेतच येऊ द्या," बाई म्हणत, "तुम्ही आधी आला आहात." मग नंबर लागला की दुकानदाराची उलटतपासणी. ही बाटली कधी आली, उभी ठेवली होती की आडवी, दुपारचं ऊन फळीवर येतं का. पहिले काही महिने दुकानदार हसण्यावारी नेई. नंतर त्याने रेड वाइनची अख्खी फळी खिडकीजवळून हलवून आतल्या भिंतीला नेली. "रोज कोण बोलणी खाणार," असं तो मला म्हणाला होता, पण बाई आल्या की नव्या बाटल्या स्वतःहून काढून दाखवायचा.

आता त्यांची वही. वाइनबद्दल लिहिणारे लोक चेरी, व्हॅनिला, चॉकलेट असलं काही लिहितात. बाई म्हणत, "मी आयुष्यात एक ओली चेरी खाल्लेली नाही, ती केकवरची साखरेतली सोडून. मी कशाला लिहू?" त्या आपल्या नाकाला ओळखीचं तेवढंच लिहीत. कोकमाचं आगळ. डाळिंबाची साल. पितळी डब्यात राहिलेलं आमसूल. नव्या पुस्तकांचा गठ्ठा सोडतानाचा वास. बंद वर्गातला खडू. शिराझ जातीच्या द्राक्षांच्या एका वाइनपुढे लिहिलं होतं, 'मिरी कुटून झाल्यावरचा खलबत्ता.' आणि शेवटच्या रकान्यात, प्रगतिपुस्तकात देतात तसा शेरा. 'हुशार आहे, लक्ष देत नाही.' 'पाठांतर चांगले, समज कमी.' सोलापूरकडच्या एका स्वस्तातल्या रेड वाइनला त्यांनी लिहिलं होतं, 'उनाड. पण खोटं बोलत नाही.' हा त्यांचा वरचा शेरा होता. परदेशातल्या भाच्याने फ्रान्सची एक मोठी नावाजलेली बाटली पाठवली, तिच्यापुढे होतं, 'घराणं मोठं आहे असं ऐकलं. आमच्याशी बोलली नाही.' भाच्याने फोनवर विचारलं, "मावशी, कशी होती?" बाईंनी वहीतलं वाचून दाखवलं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना रिकाम्या बाटल्यांचा त्रास होई. बाई त्या धुऊन, लेबल दिसेल अशा सुक्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ओळीने ठेवत. एकदा सेक्रेटरी वर आले.

"बाई, जरा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवत जा ना. आपल्या सोसायटीत सगळी सभ्य माणसं राहतात."

"मग घाबरता कुणाला?" बाईंनी विचारलं.

सेक्रेटरी चपला घालून निघून गेले. पण त्यांच्याबद्दल बाईंच्या मनात राग नव्हता. पुढे त्यांच्या पत्नी आजारी पडल्या तेव्हा तीन आठवडे दोन वेळचा डबा बाईंनीच पाठवला.

बाईंचा खरा स्वभाव मला कळला तो कोरेगाव पार्कमध्ये. एका हॉटेलात वाइन चाखण्याचा कार्यक्रम होता, माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने दोन पास दिले होते. मी नुसती सोबत. बाईंनी कपाटातून मोरपंखी रेशमी साडी काढली. हॉलमध्ये मंद संगीत, उंच ग्लास, आणि समोर वाइन करणारा तिशीतला तरुण, स्वतः पिकवलेल्या द्राक्षांबद्दल मनापासून बोलणारा. पहिला ग्लास झाल्यावर त्याने विचारलं, "काय वाटतंय? कुणी सांगेल?" लोक सांगू लागले, ब्लॅकबेरी, चॉकलेट, ओकचं लाकूड. मग बाई उभ्या राहिल्या.

"मला डांबरगोळ्यांचा वास येतोय."

त्या तरुणाने आपला ग्लास पुन्हा हुंगला. "मॅडम, मला नाही येत."

"मला येतोय. स्पष्ट."

दुसरी वाइन आली. बाई म्हणाल्या, "हिलाही आहे." तिसरी आली. "हिलाही. तुम्ही माल ठेवता कुठे?" मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. तो पोरगा कानापर्यंत लाल झाला. पुढे बोलताना त्याची वाक्यं अडखळायला लागली आणि माझी मान खाली गेली.

परतताना रिक्षात आम्ही दोघी खेटून बसलो होतो. मला वास आला, पण बोलायची हिंमत होईना. सिग्नलला रिक्षा थांबली आणि बाईंनी स्वतःच पदर नाकाशी नेला. एकदा, दोनदा.

"रिक्षा वळवा," त्या म्हणाल्या.

"बाई, राहू द्या. उद्या फोन करू."

"चार लोकांत बोलले मी. फोन एकालाच होतो."

आम्ही परत पोचलो तेव्हा निम्मे लोक जेवणाच्या रांगेत होते. बाई मघाच्याच खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "कृपया एक मिनिट. मघाशी मी या मुलाच्या वाइनबद्दल जे बोलले ते साफ चूक होतं. वास माझ्या साडीला आहे. कपाटात गोळ्या होत्या. वाइनला काही झालेलं नाही. मी माफी मागते."

तो तरुणच पुढे आला, हसत होता, डोळे मात्र ओले. म्हणाला, "मॅडम, आता नीट चव घ्या ना."

"आज नाही," बाई म्हणाल्या. "मी अजून त्याच साडीत आहे."

त्याने नंतर एक बाटली घरी पाठवली. बाईंनी धुतलेली सुती साडी नेसून रविवारी चारला ती उघडली आणि त्याला पत्र लिहिलं. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तरी जरा गोड लिहितील. पत्रात होतं, 'डांबरगोळी नाही. मध्यम आहे. घाई केलीत, अजून दोन वर्षं पिंपात ठेवायला हवी होती.' त्याचं उत्तर आलं, की वडीलही हेच म्हणत होते.

तिसऱ्या वर्षी बाईंना ताप आला. मोठी साथ ओसरून गेली होती, लोकांनी मास्क खुंटीला लावले होते, आणि तेव्हा तिने बाईंना गाठलं. ताप चार दिवसांत उतरला. आठवड्याने एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर घरभर करपल्याचा वास. धावत जाऊन गॅस बंद केला. बाई शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसल्या होत्या.

"काय झालं?"

"दूध करपलं बाई. केवढा वास सुटलाय!"

त्या उठून आल्या. काळं झालेलं पातेलं त्यांनी नाकाजवळ धरलं. खाली ठेवलं. मग फळीवरची हिंगाची डबी काढली, झाकण उघडून तिच्यात जवळजवळ नाक घातलं. डबी बंद करून त्या नीट जागेवर ठेवत म्हणाल्या, "हिंगसुद्धा नाही."

डॉक्टरांनी सांगितलं, येईल कदाचित, वेळ लागेल, नाकाला रोज शिकवत राहा. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब. बाईंनी शाळेच्या तासिकांसारखं वेळापत्रक लावलं आणि सकाळ-संध्याकाळ चार बाटल्या हुंगू लागल्या. रविवार चुकवला नाही. कागद, ग्लास, वाइन, सगळं तसंच. वहीत मात्र 'वास नाही. तुरट. घसा गरम.' पुढच्या रविवारी तेच. कितीतरी रविवार तेच. आठवणीतून एखादा शब्द त्यांना सहज लिहिता आला असता. मी एकदा म्हटलंही, "बाई, ही शिराझ तुम्ही आधी घेतलीय. मागचं बघून लिहा." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "फुटलेला पेपर बघून लिहिणाऱ्या मुलीला मी कधी पास केलं नाही."

मग एका रविवारी चार वाजले आणि बाई उठल्या नाहीत. मी दार वाजवलं. त्या जाग्या होत्या, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आज नको गं," त्या म्हणाल्या. "तेच तेच लिहायला वही कशाला हवी."

इतक्या वर्षांत त्यांचा तो आवाज मी ऐकला नव्हता. मी बाहेर आले. पांढरा कागद अंथरला. जन्मात पहिल्यांदा वाइनची बाटली उघडली. पाव ग्लास ओतला आणि हाक मारली.

"बाई, या. मी वास घेते. तुम्ही लिहा. पिणार नाही."

त्या दारात येऊन थांबल्या. "मी तुला कधी म्हटलं नव्हतं."

"मला माहिताय. मीच म्हणतेय."

त्या येऊन बसल्या, पेनाचं टोपण काढलं. "काय येतंय?"

"दारूचा वास."

"ते बाटलीवर छापलंय. पुढे."

"काही नाही येत."

"'काही नाही' हे उत्तर एकदा चालेल. पुन्हा नाक घाल."

असे आमचे रविवार सुरू झाले. आठवड्यात त्या मला डोळे मिटायला लावून मसाल्याच्या डब्यातलं एकेक ओळखायला लावत. चौथ्या-पाचव्या रविवारी मी म्हटलं, "सरकी." त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, कापसाचं बी, गुरांना भिजवून घालतात ते. आमच्याकडे गोठ्यात टोपलं असायचं. बाईंचा चेहरा उजळला. "वऱ्हाड: कापूस. तेही मी नुसतं पाठच करून घेतलं." त्यांनी लिहिलं आणि कंसात माझं आद्याक्षर घातलं, माझं निरीक्षण त्यांच्या नावावर जाऊ नये म्हणून.

एकदा विजापूरकडची, पिंपात बरीच वर्षं ठेवलेली वाइन होती. मी नाक घातलं आणि ग्लास पटकन खाली ठेवला. तंबाखू, सायकलच्या सीटचं चामडं, उन्हात तापलेलं खादीचं कापड.

"काय झालं?"

"काकांचा शर्ट," मी म्हटलं. "पण संध्याकाळचा नाही. सकाळचा. मी सायकलवर पुढे बसायचे आणि ते मला शाळेत सोडायचे, तेव्हाचा."

काका गेल्यापासून मला त्यांचा एकच वास आठवत होता. हा दुसरा, त्याच्या आधीचा, मी हरवून बसले होते. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. मी डोळे पुसेपर्यंत त्या थांबल्या, मग विचारलं, "लिहू? नाहीतर हे पान तसंच सोडू."

"लिहा."

त्यांनी लिहिलं, 'काकांचा शर्ट, सकाळचा.' शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

आजारपणाला आठ महिने होत आले होते. मे महिना, पंखा गरगरत होता. त्या रविवारी नाशिकची नवी बाटली होती. माझं नाक एव्हाना तयार झालं होतं, मी फार वेळ लावला नाही.

"जांभूळ," मी म्हटलं. "पिकलेलं."

बाईंनी लिहायला सुरुवात केली. दर वेळी त्या माझं झाल्यावर ग्लास एकदा स्वतःच्या नाकाशी नेत आणि काही न बोलता खाली ठेवत. तसाच नेला. खाली ठेवला नाही.

"चूक," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची पुढे ओढली.

"जांभूळ नाही. थांब. पंखा बंद कर."

मी उडी मारून पंखा बंद केला. बाईंनी डोळे मिटले होते. ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. कपाळावरून घाम ओघळत होता आणि त्या तो पुसत नव्हत्या.

"करवंद," त्या हळूच म्हणाल्या. "करवंद तोडल्यावर देठाला येतो तो चीक. जातोय. आला. परत गेला."

"बाई, आला ना पण!"

"गप्प बस. आत्ता आहे."

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि वही ओढली. 'जांभूळ' हा शब्द अर्धा लिहून राहिला होता. मला वाटलं, आता त्यावर लाल रेघ पडणार. त्यांनी तो पूर्ण केला, कंसात माझं आद्याक्षर घातलं, आणि खाली आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, 'करवंदाचा चीक. खात्री नाही. पुन्हा पाहावे.'

मग वही माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "तुझं खोडत नाही. माझं नाक अजून कच्चं आहे. राहू दे शेजारी शेजारी."